पट्टीवरची दहावी जागा

स्वयंपाकघरात कुठलंसं झाकण पडलं. पडलं आणि गप्प बसलं नाही. फरशीवर गरगरत राहिलं, फेऱ्या लहान होत गेल्या तसा आवाज घाईला आला आणि मग एकदम थांबला. दुपारच्या त्या शांत घरात तो थांबलेला आवाजच जास्त मोठा वाटला.

"ठकू?" तिनं मान न वळवता हाक मारली.

"काही नाही!" आतून उत्तर आलं.

चार वर्षांच्या पोरीचं 'काही नाही' म्हणजे काहीतरी आहेच, हे कुठल्याही आईला कळतं. तिलाही कळलं. पण तिच्या उजव्या हातातल्या चिमट्यात त्या क्षणी एक सेल होता, नाण्याएवढा, गोल, चपटा. डाव्या हातानं तिनं बोर्ड धरून ठेवला होता. मान वळवली असती तर हात हलला असता, आणि हात हलला असता तर दोन दिवसांची मेहनत पाण्यात गेली असती.

तिचं दुकान म्हणजे बाहेरच्या खोलीचा एक कोपरा. एक टेबल, लोखंडी दांड्याचा दिवा, तारांना डाग द्यायची, कावीळ झाल्यासारखी पिवळी पडलेली सोल्डरची बंदूक, मीटर, आणि स्पीकरमधून काढलेलं एक जाडजूड गोल लोहचुंबक. उघडलेल्या वस्तूचे स्क्रू त्याला चिकटवून ठेवायचे, म्हणजे हरवत नाहीत. टेबलाभोवती फरशीवर लाल चिकटपट्टीची रेघ मारलेली होती. आई काम करत असताना रेघेच्या आत यायचं नाही, हा त्या घरातला कायदा. ठकू तो पाळायची. म्हणजे पायाची बोटं बरोब्बर रेघेवर ठेवून उभी राहायची आणि उरलेली सगळी आत वाकायची.

ठकू व्हायच्या आधी ती एका मोठ्या दुरुस्तीच्या कारखान्यात कामाला होती. आता घरातूनच करायची. पोर झोपली की, पोर खेळत बसली की, पोरीचं मन कशात तरी रमलं की. लोक जुने रेडिओ आणायचे, घड्याळं आणायचे. परवा पोस्टातले काका एक जुना गेमचा डबा घेऊन आले होते. काका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीत सगळे अजून त्यांना पोस्टातले काकाच म्हणायचे.

"लाल दिवा लागतो, पण टीव्हीवर नुसता काळोख," काका म्हणाले होते. "माझ्या संसारासारखं."

"काकूंना सांगते बरं का," ती म्हणाली होती.

"नको, नको. तिला वाटतं मी हे भंगारात घालून आलोय."

मग काकांनी खरं काय ते सांगितलं. त्यांचा मुलगा लांब गेला, आता दोन-दोन वर्षं येत नाही. शाळेत असताना या डब्यावर तो एक खेळ खेळायचा. त्यात एक गाव होतं. मुलानं ते स्वतः वसवलेलं. घरं, पूल, नदीकाठचे दिवे. काका अधूनमधून डबा लावून ते गाव नुसतं बघत बसायचे. काही खेळायचे नाहीत, खेळता यायचंच नाही.

"दुरुस्त झालं तर झालं गं पोरी. पण ते गाव तेवढं पुसू नकोस."

बिघाड शोधताना ती नेहमी एका टोकाकडून सुरुवात करायची. आधी सगळ्यात सोपी शंका, मग त्याहून अवघड. उडी मारायची नाही. अडॅप्टर ठीक. बटण ठीक. आत पाच व्होल्ट यायला हवेत, तिथे तीनच येत होते. कुठेतरी गळती होती. जुन्या छोट्या पिंपासारख्या कपॅसिटरांच्या बुडाशी चिकट पाणी झिरपलं होतं आणि त्या पाण्यानं शेजारची तांब्याची रेघ हिरवी करून खाऊन टाकली होती. तिनं नऊ कपॅसिटर एकेक करून काढले, टेबलावर पसरलेल्या कागदी चिकटपट्टीवर ओळीनं चिकटवले आणि प्रत्येकाखाली नंबर घातला. हा तिचा शिरस्ता. बोर्डावरून काही सुटलं की पहिल्यांदा पट्टीवर, मग दुसरं काम. नवे बसवले, खाल्लेल्या रेघेवर केसाएवढी तार टाकली, आणि आज सकाळी टीव्हीवर चित्र आलं. गाव होतं. नदीकाठचे दिवेही होते.

राहिला होता तो सेल. गावाची आठवण त्याच्याच जिवावर होती आणि त्याचा जीव आता शेवटच्या घटका मोजत होता. मीटरनं दोन पूर्णांक चार व्होल्ट दाखवले होते. शिवाय तो ज्या खाचेत बसायचा तिलाही हिरवं चढलेलं. घासून स्वच्छ केल्याशिवाय नवा बसवून उपयोग नव्हता. सेल नुसता काढला तर गाव त्याच क्षणी पुसलं जाणार. म्हणून एक युक्ती असते. एकीकडचा आधार काढण्याआधी दुसरीकडचा द्यायचा. तिनं बाहेरून दोन साधे सेल एका डबीत घालून तिच्या तारा चिमट्यांनी खाचेच्या पायांना लावल्या होत्या. मग श्वास रोखून जुना सेल उचलला होता. आणि तेवढ्यात ते झाकण पडलं.

"आई, बघ ना."

"एक मिनिट."

"आई, बघ ना गं."

"एक मिनिट, सोन्या. फक्त एक."

तिनं हातातलं खाली ठेवलं, काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटात बुडवला आणि खाच घासायला घेतली. एका मिनिटाची दहा झाली. हिरवा रंग कापसावर उतरत होता आणि खालचा पत्रा चमकायला लागला होता. कामात असलेल्या माणसाला जसं बरं वाटतं तसं तिला फार बरं वाटत होतं.

मग नवा सेल घ्यायला ती वळली आणि तिची नजर पट्टीवरून गेली.

एक ते नऊ. दहाव्या नंबरवर काहीच नव्हतं.

तिनं नंबर आधीच लिहून ठेवला होता. दहा. त्यावर रिकामी जागा. तिनं कापूस उचलून पाहिला, मीटर उचलून पाहिलं, खुर्ची मागे सारून खाली पाहिलं. आणि मग तिला दिसलं की ठकू रेघेच्या आत आहे. टेबलाच्या पायाला टेकून उभी, दोन बोटं तोंडात, डोळे आईकडे.

ठकू खोकली.

एवढंसंच खोकली. 

"ठकू, इथली गोल चकती कुठाय?"

ठकूनं बोटं तोंडातून काढली नाहीत.

"चमकणारी. एवढी. तू घेतलीस?"

मान हलली. हो.

"तोंडात घातलीस?"

हो.

तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. ती गुडघ्यांवर बसली होती, ठकूचे दोन्ही दंड तिच्या हातात होते, तोंडासमोर तोंड. "ठकू, माझ्याकडे बघ. गिळलीस?"

पोरीनं आईच्या डोळ्यांत पाहिलं, नीट, बराच वेळ, आणि मान डोलावली. हो.

दोन पूर्णांक चार व्होल्ट. डब्याच्या दृष्टीनं मरायला टेकलेला. पण तिला ठाऊक होतं, तिच्या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असतं, की ओल्या घशात अडकलेल्या अशा सेलला तेवढा जीव पुरतो. दोन तासांत आतून जाळतो. आणि वर पोर हसत-खेळत असते.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीनला पाच कमी. झाकण कधी पडलं? अडीच? पावणेतीन? तिनं पोर काखोटीला मारली आणि दार उघडं टाकून जिना उतरली. किती पायऱ्या उतरली ते तिला नंतर कधीच आठवलं नाही.

खाली शिवणताईंचं दुकान होतं. शिवणताई मशीनवर होत्या, गळ्यात माप घ्यायची पट्टी, तोंडात दोन टाचण्या.

"ताई, स्कूटर. दवाखाना. हिनं सेल गिळला."

शिवणताईंनी टाचण्या काढल्या, का विचारलं नाही, कसला विचारलं नाही. किल्ली उचलली. "बस मागे. चपला राहू देत! बस म्हणते ना!"

ठकू दोघींच्या मध्ये दाबून बसली होती. रस्त्यावर लाल सिग्नल लागला तेव्हा शिवणताई आधी स्वतःशी पुटपुटल्या, मग सिग्नलला उद्देशून जे काही बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. ठकूच्या बाबांना फोन लावायचं तिच्या मनात आलं. पण त्यांच्या छापखान्यात पाळी सुरू झाली की फोन कपाटात ठेवावे लागतात. आणि लागला असता तरी काय सांगणार होती? मी बघत नव्हते, हेच ना?

तिनं ठकूच्या पाठीला कान लावला. आत धडधडत होतं. ते पोरीचं की आपलं, तिला सांगता येईना.

"आई," ठकू म्हणाली, "आपण कुठे चाललोय?"

"डॉक्टरकडे. दुखतंय का गं कुठे? घशात? छातीत?"

ठकूनं विचार केला. "थोडं," ती म्हणाली, आणि आईच्या छातीत अजून घुसली.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, फार तर तिच्याच वयाची. "बसा," ती म्हणाली, पण आई बसली नाही, उभ्यानंच सगळं सांगून मोकळी झाली. "किती वाजता?" डॉक्टरनं विचारलं.

"अडीच ते पावणेतीनच्या मध्ये. नक्की नाही सांगता येत."

"केवढा आहे सेल?"

"वीस मिलिमीटर. जाडी तीन पूर्णांक दोन."

डॉक्टरनं मान वर करून पाहिलं. मग तिच्या हाताकडे, बोटांच्या टोकांवरच्या जुन्या भाजल्याच्या डागांकडे. "आधी एक्स-रे. आत्ता. नंबर लावू नका, सरळ जा. पोरीला काही खायला-प्यायला देऊ नका."

एक्स-रेवाल्या माणसानं आईच्या अंगावर शिशाचा जड झगा चढवला आणि ठकूला फळीसमोर उभं केलं. "हलायचं नाही हं, राणी. पुतळा हो."

ठकू पुतळा झाली. दोन्ही हात आईच्या हातात, हनुवटी वर. शिवणताई दारातल्या काचेतून बघत होत्या. "बघा की, कशी मिरवतेय," त्या कुणाला तरी म्हणाल्या, आणि मग तोंडावर पदर धरून रडल्या.

पडद्यावर चित्र आलं तेव्हा ती डॉक्टरच्या मागे उभी होती, ठकू कडेवर. असली चित्रं तिनं कधी पाहिली नव्हती, पण तिचा डोळा सवयीनं एका टोकाकडून चालायला लागला. जबडा. मानेचे मणके, एकाखाली एक. बरगड्यांच्या बारीक फांद्या. आणि मानेच्या बुडाशी, बरोब्बर मधोमध, एक पांढरा गोल.

तिनं ठकूला आणखी घट्ट धरलं. मागून शिवणताईंनी तिचा खांदा धरला. तो गोल तिच्याकडे बघत होता. नऊ नंबरांनंतरचा दहावा. तिनं शिस्तीनं आकडा लिहून जागा करून ठेवली होती, आणि तो तिथे न बसता इथे येऊन बसला होता.

"थांबा," डॉक्टर म्हणाली. चित्र मोठं केलं. "हा फार लहान आहे. दहा मिलिमीटरही नाही. आणि मध्ये भोक दिसतंय." ती वळली. "सेल असता तर कडेला दुहेरी वर्तुळ दिसलं असतं. हिच्या फ्रॉकला मागे काय आहे?"

ठकूचे केस बाजूला सारले. मानेमागे, गळपट्टीला, एक टिचबटण होतं.

"अगबाई!" शिवणताई ओरडल्या. "हे तर माझं! मीच लावलं, मागच्या महिन्यात. हुक टोचतो म्हणाली म्हणून पितळेचं टिचबटण लावलं! मी मेलीनं पोरीचा जीव..."

"तुम्ही काही केलेलं नाही," डॉक्टर म्हणाली. "काढायचं आमच्या लक्षात यायला हवं होतं. फ्रॉक उतरवा, परत घेऊ."

परत घेतला. जबडा. मणके. फांद्या. डॉक्टरनं नाकापासून पार खालपर्यंत पाहिलं, मग टॉर्च घेऊन नाकात पाहिलं, कानात पाहिलं, घशात पाहिलं. ठकूनं प्रत्येक वेळी आज्ञाधारकपणे जे उघडायचं ते उघडलं.

"काही नाही," डॉक्टर म्हणाली.

'काही नाही.' त्या दिवसात दुसऱ्यांदा तिनं ते ऐकलं आणि दुसऱ्यांदा तिचा विश्वास बसेना. "पण ती हो म्हणाली. मी तीनदा विचारलं. तीनदा हो म्हणाली."

"या वयाची मुलं प्रश्न ऐकत नाहीत, विचारणाऱ्याचं तोंड बघतात." डॉक्टर थोडं हसली. "तरी आलात ते बरोबरच केलंत. अशी शंका आली की घरी शोधत बसायचं नाही, सरळ यायचं. आता मात्र शोधा. सापडेपर्यंत हिला खाली सोडू नका."

परतीच्या वाटेवर शिवणताईंना कंठ फुटला. त्या सिग्नलची माफी मागत होत्या, ठकूला नवा फ्रॉक कबूल करत होत्या, पुन्हा जन्मात टिचबटण लावणार नाही म्हणत होत्या. ती मागे ठकूला धरून हिशेब करत होती. सेल पोरीच्या पोटात नाही म्हणजे घरात आहे. कुठेतरी जमिनीवर, सोफ्याच्या फटीत, गादीखाली, वाट बघत. आज नाही तर उद्या. ती बघत नसताना.

घराचं दार तसंच उघडं होतं. स्वयंपाकघराच्या फरशीवर डब्याचं झाकण उताणं पडलं होतं, त्यात ठकूनं आपल्या बाहुलीला बसवून आंघोळ घातली होती. बाहुलीच्या केसांना साबण तसाच. "बघ ना" म्हणत होती ते हेच.

तिनं ठकूला कडेवरून उतरवलं नाही. एका हातानं सोफ्याच्या गाद्या उचलल्या, झाडू आडवा घालून कपाटाखालून फिरवला, केराची टोपली उलटी केली. हात भरून आला तसा तिनं कड बदलली, पण पोर सोडली नाही.

मग ती थांबली. स्वतःवरच चिडली. एका टोकाकडून, ती म्हणाली. उडी मारायची नाही.

ती टेबलापाशी जाऊन उभी राहिली, अगदी तेव्हा उभी होती तशी. उजव्या हातात रिकामा चिमटा धरला. झाकण पडलं. ठकू, म्हटलं. काही नाही. आई, बघ ना. एक मिनिट. आणि हात खाली आला. पट्टी होती उजवीकडे. पण कापूस आणि स्पिरिट डावीकडे होतं, आणि तिचा हात घाईत डावीकडे गेला होता. डावीकडे, स्पिरिटाच्या बाटलीच्या अलीकडे, ते लोहचुंबक होतं.

त्याला ती कधीच स्क्रूंशिवाय काही लावत नसे. म्हणून मघाशी त्याच्याकडे तिनं पाहिलंही नव्हतं.

तिनं स्क्रू बाजूला केले. चुंबकाच्या कडेला, उभा, स्क्रूंच्या गर्दीत अंग चोरून, सेल चिकटला होता. चिमट्यातून त्यानं स्वतःच उडी मारली असणार. तिला कळलंसुद्धा नव्हतं.

ती तो ओढून काढायला गेली तर पटकन सुटेना. निघाला तेव्हा तिनं दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली, घट्ट झाकणाच्या बरणीत टाकला आणि बरणी कपाटाच्या माथ्यावर ठेवली. तिथून काढली आणि माळ्यावर ठेवली. मग खुर्चीत बसली. ठकू मांडीत.

बोर्ड समोरच होता. डबीतून निघालेल्या दोन तारा खाचेच्या पायांना तशाच धरून होत्या. मीटरची टोकं तिनं आपसूक टेकवली. तीन व्होल्ट, पुरे. दार उघडं टाकून ती गेली होती, दीड तास घरात कुणी नव्हतं, आणि तेवढ्या वेळात त्या गावाचा आधार एका क्षणासाठीही सुटला नव्हता. तिनं तशी व्यवस्थाच केली होती.

तिनं मीटर खाली ठेवलं.

"ठकू," ती हळूच म्हणाली. पोरीच्या केसांना अजून दवाखान्याचा वास होता. "तू चकती घेतलीच नव्हतीस ना?"

ठकूनं नाही म्हणून मान हलवली.

"मग हो का म्हणालीस, बाळा?"

ठकू आईच्या बोटावरचा भाजल्याचा डाग आपल्या बोटानं गोल गोल चोळत होती. "तू खाली बसलीस ना," ती म्हणाली. "माझ्याकडे बघितलंस."

बाहेर कुणीतरी जिना चढत होतं. शिवणताई असाव्यात, सापडला का विचारायला. पावलं दारापाशी येऊन थांबली. ठकूनं जांभई दिली, आईच्या गळ्यात दोन्ही हात टाकले, आणि उद्या बाहेर जाताना कुठला फ्रॉक घालू हे विचारावं तितक्या सहज विचारलं,

"आई, उद्या मी काय गिळू?"